काचीगुड्याचे मास्तर आणि जकार्ताचे सुवर्ण

परतूर : विश्वचषक फुटबॉल स्पर्धा जवळ आली, की परतूरसारख्या तालुक्याच्या गावातही चर्चेला ऊत येतो. रेल्वे स्थानकाबाहेरच्या चहाच्या टपऱ्या, मोंढ्यातले कट्टे, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांसमोरचे बाक या ठिकाणी संध्याकाळी जमणाऱ्या पोरांत उघड गट पडतात. कुणी ब्राझीलचा कैवारी असतो, कुणी अर्जेंटिनाचा, कुणाला फ्रान्सचा वेग भावतो, तर कुणी जर्मनीच्या शिस्तीवर पैज लावायला तयार असतो. कतारमध्ये २२ नोव्हेंबर २०२२ रोजी सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला २-१ असे नमविले, तेव्हा अनेकांनी अर्जेंटिनाला स्पर्धेतून बाद करून टाकले होते. महिनाभराच्या आत तोच संघ विश्वविजेता झाला आणि ज्यांनी त्याला बाद केले होते तेच आपले भाकीत खरे ठरल्याचे सांगू लागले. संभाव्यतेच्या चर्चेची हीच तर गंमत असते.

या साऱ्या चर्चेत एका देशाचे नाव मात्र निघत नाही, आणि निघालेच तर हशा पिकविण्यासाठी. ते नाव भारताचे. भारतीय संघाला कितपत संधी आहे, हा प्रश्न विचारणे म्हणजे स्वतःची थट्टा करून घेणे, अशी आपली समजूत झाली आहे. मात्र याच परतूरच्या स्थानकावरून जाणारा लोहमार्ग जिथे पोहोचतो, त्या हैदराबादच्या काचीगुड्यात एकेकाळी एक शाळामास्तर राहत असत. त्यांनी तो प्रश्न थट्टेचा राहू दिला नव्हता. ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत भारताला नेणारे आणि आशियाई क्रीडा स्पर्धेत दोनदा सुवर्णपदक मिळवून देणारे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, अर्थात सर्वांचे रहीमसाहेब, यांची ही कहाणी आहे.

एकाच राज्याचे रहिवासी

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद शहरात झाला. त्या वेळी परतूर हे परभणी जिल्ह्यातले आणि निजामाच्या संस्थानातले गाव होते. मनमाड ते हैदराबाद ही गोदावरी खोऱ्यातली मीटरगेज रेल्वे नुकतीच सुरू झालेली होती. मराठवाड्यातल्या माणसाला कचेरीचे काम, मोठ्या दवाखान्यातले उपचार, वरचे शिक्षण यांपैकी काहीही हवे असले, तरी हीच गाडी धरून राजधानी गाठावी लागे. औरंगाबादला विद्यापीठ व्हायला १९५८ साल उजाडले. तोवर मराठवाड्यातल्या हुशार मुलांची वाट उस्मानिया विद्यापीठाकडेच जात होती.

त्याच उस्मानिया विद्यापीठात रहीमसाहेब शिकले आणि विद्यापीठाच्या संघातून फुटबॉल खेळले. पदवी घेतल्यावर त्यांनी शिक्षकी पेशा पत्करला. काचीगुडा, चादरघाट अशा भागांतल्या शाळांत त्यांनी नोकरी केली. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका मिळवून ते शाळेतल्या खेळांची जबाबदारी पाहू लागले. त्यांच्या पुढच्या साऱ्या कर्तृत्वाचे मूळ या मास्तरकीत आहे. खेळाडू म्हणून त्यांची गणना देशातल्या थोर खेळाडूंत झाली नाही. मुलाला एखादी गोष्ट का येत नाही, ती त्याला कशी यावी आणि आल्यावर ती अंगात मुरावी कशी, हे ओळखण्याची शिक्षकाची नजर मात्र त्यांना लाभली होती.

१९४० च्या दशकाच्या पूर्वार्धात ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे चिटणीस झाले. पद मानाचे असले, तरी काम कष्टाचे होते. स्पर्धा भरविणे, मैदाने मिळविणे, क्लबांतली भांडणे सोडविणे आणि गल्लीबोळांतून चांगले खेळाडू हुडकून काढणे, हे सारे त्यांनी अखेरपर्यंत केले.

मैदानावरचा वर्ग

त्या काळातला भारतीय फुटबॉल म्हणजे चेंडूवरील वैयक्तिक हुकमतीचा खेळ होता. चेंडू पायाला लागला, की दोघातिघांना चकवून पुढे जायचे आणि टाळ्या घ्यायच्या, हे चांगल्या खेळाडूचे लक्षण मानले जाई. बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत. कोरड्या, टणक मैदानावर त्यांचे पायांचे कसब डोळ्यांचे पारणे फेडीत असे. पण मैदान ओले असले किंवा समोरचा संघ धिप्पाड आणि वेगवान असला, की हे कसब तोकडे पडे.

रहीमसाहेबांनी या दुखण्यावर शाळामास्तरी उपाय योजले. त्यांनी चेंडू घोळवत नेण्यास मनाई असलेल्या स्पर्धा भरविल्या. चेंडू आला, की लगेच सहकाऱ्याकडे द्यायचा आणि स्वतः मोकळ्या जागी पळायचे. या नियमामुळे एका स्पर्शात चेंडू पुढे देण्याची सवय मुलांना लागली. ज्याचा उजवा पाय चांगला, त्याला डाव्या पायाने खेळायला लावायचे, हा त्यांचा दुसरा धडा. दोन्ही पाय सारखे चालणारा खेळाडू प्रतिस्पर्ध्याला कधीच पुरता उमगत नाही, असा त्यामागचा हिशेब होता. तिसरा धडा दमसासाचा. सामन्याच्या अखेरच्या दहा मिनिटांत जो पळू शकतो, त्याच्याच कसबाचा उपयोग होतो, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

खेळाडू पारखताना त्यांनी घराणे पाहिले नाही. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा या वस्तीतल्या तुलसीदास बलराम या गरीब घरच्या मुलाचा खेळ त्यांच्या नजरेत भरला. सरावाला रोज हैदराबादला येण्याइतके पैसे त्या मुलाकडे नव्हते. रहीमसाहेबांनी त्याला भाड्याच्या सायकलीसाठी पैसे देऊ केले आणि सरावाला यायला लावले. हाच बलराम पुढे दोन ऑलिंपिक स्पर्धा खेळला आणि भारताच्या सर्वकालीन श्रेष्ठ आघाडीवीरांत गणला गेला.

कूपरेजवरची पाच वर्षे

१९५० मध्ये हैदराबाद सिटी पोलिस संघाची सूत्रे रहीमसाहेबांकडे आली. त्यानंतर जे घडले ते मुंबईकरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. मुंबईत भरणारी रोव्हर्स चषक स्पर्धा तेव्हा देशातल्या सर्वांत प्रतिष्ठित स्पर्धांपैकी एक होती. या पोलिस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हा चषक जिंकला. कूपरेजच्या मैदानावर कोलकात्याच्या नामांकित क्लबांची सद्दी मोडून काढणारे हे दक्षिणी शिपाई कोण, याची चर्चा मुंबईच्या गिरणगावापासून इराण्याच्या हॉटेलांपर्यंत होऊ लागली. याच संघाने १९५० चा ड्युरँड चषकही जिंकला.

ही त्या काळात परतूर, जालना, नांदेड अशा गावांच्या अभिमानाची गोष्ट ठरायला हरकत नव्हती, कारण हे आपल्याच राज्याचे पोलिस होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली होती. त्याआधीच्या रझाकारी अत्याचारांच्या जखमा मात्र मराठवाड्यात अजून ओल्या होत्या. अशा वेळी राजधानीतल्या संघाचे कौतुक खेड्यापाड्यांत पोहोचणे सोपे नव्हते. तरीही एक गोष्ट नोंदवायलाच हवी. भारतात विलीन झालेल्या या राज्याने पुढची दहा-बारा वर्षे राष्ट्रीय संघाला जितके खेळाडू दिले, तितके देणारी राज्ये फार थोडी होती.

दहा गोलांचा धडा

रहीमसाहेबांकडे राष्ट्रीय संघाची जबाबदारी आली ती पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धेच्या निमित्ताने. मार्च १९५१ मध्ये दिल्लीत ही स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात साहू मेवालालच्या एकमेव गोलाच्या जोरावर भारताने इराणला १-० असे हरविले आणि सुवर्णपदक पटकावले. शैलेन मन्ना या संघाचे कर्णधार होते. देशभर आनंदाला उधाण आले आणि पुढच्या वर्षीच्या ऑलिंपिकबद्दल चाहत्यांच्या अपेक्षा गगनाला भिडल्या.

हेलसिंकीत त्या अपेक्षा जमिनीवर आल्या. १९५२ च्या या ऑलिंपिकमध्ये पहिल्याच लढतीत युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडविला. थंड हवेत, ओलसर हिरवळीवर भारताचे अनेक खेळाडू अनवाणी उतरले होते. आशियाई विजेतेपदावरून जागतिक ताकदीचा अंदाज बांधणे किती धोक्याचे असते, हे एका सामन्यात कळून चुकले. यानंतर राष्ट्रीय संघाला बूट सक्तीचे झाले.

असा पराभव झाला, की संघाचे नशीब, हवामान किंवा पंच यांना दोष देऊन मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. रहीमसाहेबांच्या पुढच्या कामाकडे पाहिले, तर त्यांनी या पराभवाचा उपयोग प्रश्नपत्रिकेसारखा करून घेतल्याचे दिसते. युरोपीय संघ चेंडू कसा फिरवतात, बचाव किती माणसांचा असतो, आघाडीचा खेळाडू मागे का येतो, याची उत्तरे शोधून त्यांनी ती खेळाडूंच्या पायांत उतरविली. वाट सरळ मात्र नव्हती. १९५४ मध्ये मनिला येथील आशियाई स्पर्धेत जपानला ३-२ असे हरवूनही इंडोनेशियाकडून ४-० असा पराभव पत्करावा लागला आणि भारत गटातच बाद झाला. सप्टेंबर १९५५ मध्ये मॉस्कोत सोव्हिएत संघाने भारतावर तब्बल अकरा गोल चढविले. मेलबर्न ऑलिंपिकला वर्षभराचा अवधी उरला असताना चाहत्यांच्या दृष्टीने भारताची संधी शून्य होती.

एका महिन्यात दोन घटना

मराठवाड्याच्या दृष्टीने १९५६ चा नोव्हेंबर महिना ऐतिहासिक ठरला. भाषावार प्रांतरचनेनुसार १ नोव्हेंबर रोजी हैदराबाद राज्य विसर्जित झाले. तेलंगण आंध्र प्रदेशात, कानडी मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आणि मराठवाडा मुंबई राज्यात गेला. परतूरची राजधानी एका रात्रीत बदलली. गाडी पूर्वीप्रमाणेच काचीगुड्याकडे धावत राहिली, पण राज्य मात्र वेगळे झाले.

याला बरोबर एक महिना झाला, त्या दिवशी म्हणजे १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्नमध्ये भारताची गाठ यजमान ऑस्ट्रेलियाशी पडली. पहिल्या फेरीतून हंगेरीने माघार घेतल्याने भारताला पुढे चाल मिळाली होती. मुंबईच्या मैदानांवर तयार झालेला, मूळ गोमंतकीय नेव्हिल डिसूझा या सामन्याचा नायक ठरला. त्याने तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये अशी हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू ठरला. भारताने सामना ४-२ असा जिंकला आणि ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा पहिला आशियाई देश होण्याचा मान मिळविला. हा विजय नशिबाचा आहे असे कुणाला वाटले असेल, तर त्याचेही निरसन लवकरच झाले. १२ डिसेंबरला सिडनीतल्या मैत्रीपूर्ण लढतीत याच ऑस्ट्रेलियाला भारताने ७-१ असे पराभूत केले.

उपांत्य फेरीत पुन्हा समोर उभा ठाकला तो युगोस्लाव्हिया. चार वर्षांपूर्वी दहा गोल करणाऱ्या या देशाविरुद्ध मध्यंतरापर्यंत गोलफलक कोराच राहिला. उत्तरार्धाच्या सुरुवातीला नेव्हिलने गोल केला आणि काही क्षण भारत ऑलिंपिकच्या अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर उभा राहिला. हे क्षण दोनच मिनिटांचे ठरले. युगोस्लाव्हियाने लागोपाठ गोल करीत सामना ४-१ असा खेचून नेला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने भारताला ३-० असे हरविले. चौथा क्रमांक मिळाला, पदक हुकले. १०-१ पासून इथवरचा प्रवास चार वर्षांत झाला होता.

या संघात हैदराबादचे अझीझुद्दीन, नूर मोहम्मद, अहमद हुसेन, झुल्फिकारुद्दीन, लतीफ आणि बलराम होते. मुंबईकडून नेव्हिलबरोबर गोलरक्षक एस. एस. नारायण होता आणि कर्णधारपद बंगालच्या समर बॅनर्जींकडे होते. वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या या मुलांना एकाच पद्धतीने विचार करायला लावणे, हे रहीमसाहेबांचे खरे यश म्हणावे लागेल.

१९५६-५७ आणि १९५७-५८ या दोन्ही हंगामांत हैदराबादने राष्ट्रीय अजिंक्यपदाचा संतोष करंडक जिंकला आणि दोन्ही वेळा अंतिम फेरीत पराभूत झालेला संघ मुंबईचा होता. राज्याच्या नकाशाप्रमाणे परतूरकरांनी आता मुंबईच्या बाजूने उभे राहायला हवे होते. कालपर्यंत आपला असलेला संघ आज समोरच्या बाजूला गेला होता. एखाद्या संघाला आपले म्हणणे हे कधी कधी केवळ एका सरकारी अधिसूचनेवर अवलंबून असते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे. रहीमसाहेब मराठवाड्याच्या स्मरणातून निसटले, ते बहुधा याच वळणावर.

रोमची हुरहूर

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताच्या वाट्याला अवघड गट आला. प्रदीपकुमार अर्थात पी. के. बॅनर्जींच्या नेतृत्वाखालील संघ हंगेरीशी २-१ असा झुंजून हरला. फ्रान्सविरुद्ध पी. के. यांच्या गोलमुळे मिळालेली आघाडी सामना संपायला थोडाच वेळ उरला असताना हातची गेली आणि लढत १-१ अशी बरोबरीत सुटली. शेवटच्या सामन्यात पेरूने ३-१ अशी मात केली. हंगेरी आणि पेरूविरुद्धचे दोन्ही गोल बलरामचे होते.

निकालांच्या यादीत हे अपयशच ठरते. तरीही १९५२ शी तुलना केली, तर युरोपातल्या मातब्बर संघांशी बरोबरीने खेळणारा हा संघ किती पुढे आला होता, हे लक्षात येते. रहीमसाहेबांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम यांचाही या संघात समावेश होता. ते पुढे हवाई दलात अधिकारी झाले, आंतरराष्ट्रीय पंच म्हणून त्यांनी लौकिक मिळविला आणि २०१७ मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्काराने गौरविण्यात आले. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

जकार्ताची अग्निपरीक्षा

१९६२ च्या आशियाई स्पर्धेसाठी भारतीय संघ जकार्तात दाखल झाला, तो प्रतिकूल वातावरणात. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला होता. आशियाई क्रीडा महासंघाचे ज्येष्ठ भारतीय पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी त्याला हरकत घेतली आणि अशा स्पर्धेला आशियाई स्पर्धा म्हणता येणार नाही, अशी भूमिका मांडली. त्यावरून शहरात भारताविरुद्ध संताप उसळला. ३ सप्टेंबरला जमावाने भारतीय वकिलातीवर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी फुटबॉलचा अंतिम सामना होता.

मैदानावरची सुरुवातही वाईट झाली होती. पहिल्याच लढतीत दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरविले. त्यानंतर संघाने थायलंडला ४-१ आणि जपानला २-० असे नमवून उपांत्य फेरी गाठली. पण थायलंडविरुद्धच्या सामन्यात बचावफळीचा आधारस्तंभ जर्नेलसिंग याच्या डोक्याला जबर जखम झाली आणि टाके घालावे लागले. चेंडू डोक्याने परतवणे ज्याचे मुख्य काम, त्या बचावपटूला अशा अवस्थेत खेळवायचे कसे, असा पेच उभा राहिला.

रहीमसाहेबांनी त्याला वगळले नाही, त्याची जागा बदलली. जर्नेल महाविद्यालयात असताना पुढच्या फळीत खेळलेला होता, हे त्यांच्या ध्यानात होते. त्यांनी त्याला थेट आघाडीवर, मधल्या जागी उभे केले. दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या उपांत्य सामन्यात कर्णधार चुनी गोस्वामीने दोन आणि जर्नेलने एक गोल केला. भारत ३-२ असा जिंकला. अंतिम सामन्यासाठी आजारातून उठलेला उंचापुरा पीटर थंगराज पुन्हा गोलरक्षक म्हणून परतला, कारण कोरियाचा भर उंचावरून येणाऱ्या चेंडूंवर होता. ब्राझीलने १९५८ च्या विश्वचषकात गाजविलेली चार-दोन-चार ही रचना तोवर भारतीय संघाच्या अंगवळणी पडली होती. मधल्या फळीचा भार वाहणाऱ्यांत मूळ गोव्याच्या कोलवाळ गावचा आणि मुंबईच्या टाटा संघाचा फॉर्च्युनाटो फ्रँको होता.

अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री रहीमसाहेबांनी खेळाडूंना जवळ बोलावले. डावपेच आधीच ठरलेले होते. त्या रात्री त्यांनी मुलांकडे फक्त एक भेट मागितली, सुवर्णपदकाची. त्यांची प्रकृती ढासळत चालली होती. मास्तरांनी आजवर आपल्यासाठी काय केले, हे त्या मुलांपैकी प्रत्येकाला ठाऊक होते.

४ सप्टेंबर १९६२ रोजी सेनायन स्टेडियममध्ये सुमारे एक लाख प्रेक्षक होते आणि जवळजवळ सारेच भारताच्या विरोधात. भारतीय खेळाडूच्या पायाला चेंडू लागला, की हुर्यो उठे. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जींनी पहिला गोल केला. पुढच्या तीनच मिनिटांत डोक्याला पट्टी बांधलेल्या जर्नेलने दुसरा गोल केला. कोरियाने सामना संपत आला असताना एक गोल फेडला, पण तोवर उशीर झाला होता. पहिल्या सामन्यात दोन गोलांनी हरविणाऱ्या संघाला भारताने २-१ असे नमविले आणि दुसऱ्यांदा आशियाई सुवर्णपदक मिळविले. त्यानंतर आजतागायत या स्पर्धेत भारताला फुटबॉलचे सुवर्ण मिळालेले नाही.

मास्तर गेले

या विजयाला वर्षही पूर्ण झाले नव्हते. ११ जून १९६३ रोजी कर्करोगाने रहीमसाहेबांचे हैदराबादेत निधन झाले. वयाची चोपन्न वर्षेही पुरी झालेली नव्हती. त्यांच्या खेळाडूंना अर्जुन पुरस्कार मिळाले आणि ते योग्यच होते. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू व्हायला १९८५ साल यावे लागले. ज्यांनी हे खेळाडू घडविले, त्यांच्या हयातीत असा कोणताही पुरस्कार अस्तित्वात नव्हता. २०२४ मध्ये ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा कुठे नव्या पिढीतल्या अनेकांनी त्यांचे नाव प्रथम ऐकले.

त्यांच्यानंतर भारतीय फुटबॉल लगेच कोसळला असे नाही. १९६४ च्या आशिया चषकात भारताला उपविजेतेपद मिळाले आणि १९७० मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक. पण ती आधीच्या पेरणीची अखेरची पिके होती. नवी पेरणी कुणी केली नाही. शाळाशाळांत मुले हेरणारा, त्यांना दोन्ही पायांनी खेळायला शिकविणारा आणि त्यातूनच राष्ट्रीय संघ बांधणारा दुवा तुटला, तो पुन्हा जोडला गेलाच नाही.

याच काळात जपानमध्ये काय चालले होते, हे पाहण्यासारखे आहे. जकार्तात भारताकडून हरलेल्या जपानने तेव्हा डेटमार क्रामर या जर्मन प्रशिक्षकाची मदत घेण्यास सुरुवात केलेली होती. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये जपानला कांस्यपदक मिळाले. १९९३ मध्ये तिथे व्यावसायिक लीगचे सामने सुरू झाले आणि कतारच्या विश्वचषकात या संघाने जर्मनी आणि स्पेन या दोन्ही माजी विश्वविजेत्यांना हरविले. जकार्ताच्या अंतिम सामन्यात पराभूत झालेला दक्षिण कोरिया २००२ च्या विश्वचषकात उपांत्य फेरीपर्यंत गेला. १९६२ मध्ये हे दोन्ही देश भारताच्या मागे होते. तिथे प्रशिक्षक बदलत गेले, पण काम चालू राहिले. आपल्याकडे सारे काम एका माणसाच्या अंगावर होते, आणि तो माणूस गेला.

चर्चा कशाची व्हावी

पुन्हा परतूरकडे वळू. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला आणि परतूर परभणीतून जालन्यात आले. मीटरगेजची रुंद रेल्वे झाली. गाड्या आजही काचीगुड्याला जातात. डब्यातल्या तरुणांच्या हातातल्या मोबाइलवर युरोपातल्या लीगचे सामने चालू असतात. कोणत्या संघाचा मधला खेळाडू दुखापतग्रस्त आहे, कुणाची बचावफळी कच्ची आहे, याची त्यांना अचूक माहिती असते. ही जाणकारी खोटी नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या चाहत्याला यातले निम्मेही ठाऊक नसे.

तरीही कोणत्या देशाला किती संधी आहे, याचा हिशेब स्पर्धेच्या महिन्यात मांडून फारसे काही हाती लागत नाही. तो हिशेब पंधरा-वीस वर्षे आधी, एखाद्या शाळेच्या धुळीने भरलेल्या मैदानावर मांडला गेलेला असतो. सायकलच्या भाड्याअभावी सरावाला न येणारा मुलगा कुणाच्या तरी लक्षात आलेला असतो. रहीमसाहेबांच्या चरित्राने दिलेला हा धडा हैदराबादइतकाच मराठवाड्यालाही लागू आहे. १९६० पासून भरणाऱ्या सुब्रतो चषक स्पर्धेच्या निमित्ताने आपल्याकडेही शालेय फुटबॉलचे सामने होतात. त्या सामन्यांना प्रेक्षक किती असतात आणि त्यात चमकलेल्या मुलाचे पुढे काय होते, हा प्रश्न चहाच्या टपरीवर क्वचितच विचारला जातो.

पुढच्या विश्वचषकालाही परतूरच्या कट्ट्यांवर ब्राझील आणि अर्जेंटिनाचे समर्थक हमरीतुमरीवर येतील. यावेच. खेळावरचे प्रेम असेच जिवंत राहते. फक्त त्या वादात कुणी चुकून भारताचे नाव घेतले, तर लगेच हसण्यापूर्वी समोरून काचीगुड्याकडे निघालेल्या गाडीकडे एकदा पाहावे. त्या वाटेच्या शेवटी एका मास्तरांनी, हातात फारसे काही नसताना, या देशाला आशियाचे विजेते बनविले होते. तेव्हा त्यांचे राज्य आणि आपले राज्य एकच होते.